तालीम पाहावी शोधून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात आता मुलांसाठी ‘क्लास पाहावा शोधून’ अशी भर घालायला हरकत नाही. त्यातही तो क्लास मारामारीचा असेल तर विचारूच नका. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात हाच विषय होता. धाकटी नववीत गेली आणि म्हणाली, मला ज्यूदो नाहीतर कुस्तीसारखं काहीतरी शिकायचंय. माझा भाचा सतरा वर्षांचा. त्याला मोबाइलवर पाहून पाहून एमएमएचं वेड लागलेलं. ठोसे, लाथा, पकडी, सगळं एकदम हवं.

सासूबाई बैलहोंगलच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “हुडिगीगे गरडी याक बेकु?” पोरीला तालीम कशाला हवी? मी काही बोलायच्या आत मामंजीच म्हणाले, तुरमुरीच्या पोरीचं नाव ऐकलं नाहीस काय?

ती पोर म्हणजे मलप्रभा जाधव. आपल्या बेळगाव तालुक्यातली. २०१८ साली जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत कुराश या खेळात तिने ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. कुराश म्हणजे उझबेकिस्तानकडची उभ्याने खेळायची कुस्ती, जमिनीवरची झटापट त्यात नसते. मला तर तिच्या नावाचंच कौतुक वाटतं. नाव कणकुंबीला उगम पावून पुढे कन्नड मुलखातून वाहणाऱ्या नदीचं, आडनाव जाधव. आपल्यासारख्या घरांना ते वेगळं समजावून सांगायला नको. सासूबाई गप्प झाल्या. पटलं म्हणून नव्हे, मामंजी बोलले म्हणून.

मग शोधाशोध सुरू झाली. आधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्यावी लागते, ती म्हणजे शिकायचं काय. पाट्यांवर सगळंच लिहिलेलं असतं: कराटे, बॉक्सिंग, किक बॉक्सिंग, मुआय थाई, ज्यूदो, जुजुत्सू, एमएमए, वर झुंबासुद्धा. पण मुळात जाती दोनच. एक मारण्याची, म्हणजे ठोसा, लाथ, कोपर, गुडघा. दुसरी पकडण्याची, म्हणजे धरणं, पाडणं, खाली दाबून ठेवणं, सांधा किंवा गळा आवळून शरण आणणं. एमएमए ही या दोन्हींची मिसळ. मिसळ चांगली व्हायला आधी उसळ आणि कट दोन्ही नीट जमायला लागतात, हे सांगायला नकोच.

हे मिश्रण आपल्या मुलखाला नवीन नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदावर सविस्तर लिहून ठेवलं आहे. म्हैसूरच्या दसऱ्यातली जट्टींची वज्रमुष्टी तर मामंजींनी तरुणपणी पाहिलेली. मुठीत शस्त्र, डोकी भादरलेली, धराधरी आणि मारामारी दोन्ही. डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब निघाला की लढत थांबते. “थांबवणारा पंच जवळ उभा असतो, म्हणून ते बघायचं,” असं मामंजी म्हणाले. हे त्यांचं वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

पकडीच्या बाजूला तर आपली मुलं घरूनच थोडी शिकून येतात. इंग्रजीत ज्याला डबल लेग म्हणतात तो आपला दुहेरी पट. सिंगल लेग म्हणजे एकेरी पट. ज्यूदोत खांद्यावरून फेकतात तिला धोबीपछाडीची बहीण म्हणावं. प्रतिस्पर्ध्याला जोरात पाठीवर आपटलं की ज्यूदोत तिथेच निकाल, म्हणजे आपली चितपटच झाली. पण ब्राझिलियन जुजुत्सूत सगळं उलटं. तिथे पाठीवर पडणं म्हणजे हार नव्हेच. पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडकवायचं आणि खालूनच त्याला शरण आणायचं. कुस्तीतून आलेली पोरं सवयीने पाठ वाचवायला पोटावर वळतात आणि मागून गळ्याला मिठी बसते. एका तरुण मास्तरांनी आम्हाला हे करून दाखवलं तेव्हा मामंजी खुर्चीच्या कडेवर आले होते. १९९३ मध्ये अमेरिकेत पहिली यूएफसी स्पर्धा झाली, ती रॉयस ग्रेसी नावाच्या सडपातळ माणसाने याच विद्येने जिंकली आणि तेव्हापासून जगभर मारणारे लोक पकडी शिकायला लागले.

आम्ही चार ठिकाणी गेलो. नावं सांगत नाही, कारण मुद्दा नावांचा नाही.

पहिल्या ठिकाणी आरसे, लाल दिवे, पिंजऱ्याचं मोठं चित्र, बाहेर पाट्यावर बुटांची रांग. मालकाने वर्षाची फी एकदम भरली तर सूट आणि ती सूट फक्त आजच, असं सांगितलं. तास बघायला बसू का, असं विचारलं तर म्हणाले, “पालकांना आत परवानगी नाही, मुलांचं लक्ष उडतं.” मी तिथूनच उठले. चौदा वर्षांच्या मुलीला पकडी शिकवायच्या म्हणजे अंगाला हात लागणारच, ते टळत नाही. म्हणून तर दार उघडं हवं. २०२३ च्या जानेवारीत देशासाठी पदकं आणलेल्या मुली जंतरमंतरवर लैंगिक छळाची तक्रार घेऊन बसल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या पदकवाल्या होत्या म्हणून कॅमेरे आले. आपल्या मुलींसाठी कोण येणार? शिकवायला बाई आहे का, मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, जोडीदार कोण लावून देतं, नको म्हटलं तर चालतं का, हे प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारले. एका ठिकाणी मास्तर ओशाळले, एका ठिकाणी चिडले. चिडणाऱ्याकडे पाठवू नये.

दुसरीकडे शाळेच्या मैदानात शंभरेक मुलं रांगेत हवेत ठोसे मारत होती. शिस्त सुंदर. पण तासभर बसले तरी एकाही मुलाने दुसऱ्याला हात लावला नाही. तीन महिन्यांनी पट्ट्याचा रंग बदलतो आणि रंगागणिक परीक्षा फी. दहा वर्षांचा मुलगा काळा पट्टा बांधून फिरत होता, गोड दिसत होता. ब्राझिलियन जुजुत्सूच्या आंतरराष्ट्रीय नियमात साधा निळा पट्टाही सोळा वर्षांच्या आत मिळत नाही. व्यायाम, शिस्त आणि सवंगडी एवढंच हवं असेल तर तो मैदानावरचा क्लास वाईट नाही, असं माझं मत. पण त्याला स्वसंरक्षण म्हणून विकू नये.

तिसऱ्या ठिकाणाबद्दल लिहिताना हात जरा जड होतो. भाचा तिथे पूर्वी जात होता, पंधरा वर्षांचा असताना. एका संध्याकाळी त्याच्यापेक्षा वजनाने बराच जड मुलगा त्याच्यासमोर उभा केला. डोक्यावर ठोसा बसला, पोर खाली बसलं, क्षणभर कुठे आहे ते कळेना. मास्तर म्हणाले, पाणी पी आणि उभा राहा. तो उभा राहिला आणि आणखी दोन फेऱ्या खेळला. रात्री उलट्या सुरू झाल्या तेव्हा घरच्यांना कळलं. डॉक्टरांनी डोकं दुखणं आणि चक्कर पूर्ण थांबेपर्यंत शाळेचा अभ्याससुद्धा कमी करायला लावला. महिना गेला. वहिनींचं त्या महिन्यातलं वजन मला आठवतं. मुलाचं नव्हे, त्यांचंच कमी झालं होतं.

म्हणून हे ठळक अक्षरात छापलं तरी चालेल: डोक्याला मार लागून चक्कर आली, गोंधळल्यासारखं झालं, तर त्या दिवशी खेळ संपला. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी संपला. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेची गुंगी, बोलण्यात गोंधळ, आचके यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना. डोक्याला हेल्मेट आहे ना, या भरवशावर राहू नका. हेल्मेटमुळे भुवई फुटायची वाचते, आत मेंदू हलायचा तो हलतोच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये मुलांनी बॉक्सिंग खेळू नये असंच म्हटलं आणि २०१६ मध्ये एमएमएबद्दलही नापसंती नोंदवली. मी इतकी पुढे जाणार नाही. बॅगेवर आणि मास्तरांच्या हातातल्या पॅडवर ठोसे मारायला काय हरकत आहे? हरकत आहे ती वाढत्या वयात डोकं मार खायला पुढे करण्याला. चांगल्या क्लासात सराव हलका असतो. थायलंडमधले नेहमी लढणारे मुआय थाईवालेसुद्धा सरावात एकमेकांना टपल्या मारल्यासारखे खेळतात. जिथे रोज रक्त निघतं तिथे शिकवणारा कच्चा, असं खुशाल समजा.

चौथं ठिकाण पत्र्याच्या शेडमधलं. शेजारी जुनी तालीम, तिच्यातल्या तांबड्या मातीचा वास इकडे येतो. मॅट जुन्या, पण फटी नाहीत. खांबांना फोम गुंडाळलेला. ज्यूदोचे मास्तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेले, पण ती भिंतीवर नाही, विचारल्यावर कपाटातून काढली. तास संपल्यावर दोन मोठी मुलं जंतुनाशकाने मॅट पुसत होती. हे बघाच, कारण गजकर्ण आणि पुळ्या अशाच ठिकाणी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात. अंगावर चट्टा असलेल्या एका मुलाला मास्तरांनी त्या दिवशी बाहेर बसवलं होतं. तो रडवेला झाला होता, पण मला ते फार आवडलं.

मामंजींनी तिथे एकच प्रश्न विचारला. “पडायला कधी शिकवता?” मास्तर हसले आणि म्हणाले, “आज्जा, पहिला महिना तेवढंच.” हनुवटी छातीशी, हात तिरपा करून तळव्याने मॅटवर थाप, अंग गोल. घाबरून हात टेकवला की मनगट नाहीतर गळपट्टीचं हाड जातं. मग मी बघत बसले ते सरावाकडे. दोन थापा पडल्या की पकड सोडायची हा नियम. त्या शेडमध्ये थाप पडायच्या आधीच, श्वास अडकल्यासारखा वाटला तरी, मोठी मुलं सोडत होती. नव्या पोराला सगळ्यात अनुभवी मुलाच्या हाती दिलं होतं, म्हणजे सांभाळून घेणाऱ्याच्या हाती. वजन पाहून जोड्या लावत होते. मास्तर सूचना देताना अर्धं वाक्य कानडीत, अर्धं मराठीत, आणि वेळ राखायला घड्याळ हातात.

धाकटी तिथे जाते. भाच्यासाठी त्याच मास्तरांनी एक बॉक्सिंगवाले सुचवले. त्यांनी आधी जुन्या दुखापतीबद्दल विचारलं, डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आणि अठरा पूर्ण होईपर्यंत डोक्यावर ठोसा नाही, असं त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं. पण आठवड्यातून दोन दिवस तिकडे आणि दोन दिवस शेडमध्ये पकडी, असं आता चाललंय. वजन उतरवायचं खूळ मात्र दोघांच्याही डोक्यात शिरू दिलेलं नाही. वाढत्या अंगाला उपाशी ठेवून गट गाठायचा नाही, हे दोन्ही मास्तरांना आम्ही आधीच सांगून ठेवलं.

सासूबाईंनी भिजवलेले बदाम सुरू केलेत, धाकटीला सहा आणि भाच्याला चार. त्याने विचारलं तर म्हणाल्या, ती पडून येते.

जाता जाता, नवीन पालकांसाठी. फी तीन महिन्यांपेक्षा जास्त एकदम भरू नका. मॅटवर चप्पल नको, पण मॅटच्या बाहेर अनवाणी फिरूही देऊ नका, नाहीतर न्हाणीघरातली घाण मॅटवर येते. रोज धुतलेले कपडे. कानातलं, बांगड्या, गंडेदोरे घरी. आणि नखं आदल्या रात्री कापून ठेवा, सकाळी सहाच्या तासाला निघताना कात्री सापडत नाही.