विषय सोडण्यापूर्वी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील एखादी मुलगी महाविद्यालयात जाऊ लागते. पहिल्याच सत्रात रसायनशास्त्र झेपेनासे होते आणि घरी न सांगताच ती तो विषय सोडण्याचे ठरवते. शिक्षण सरकारी अर्थसाहाय्यावर चालत असेल, तर हा निर्णय केवळ अभ्यासापुरता राहत नाही.

तेथे पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. महाविद्यालयाने ठरवलेल्या तारखेपूर्वी ३ क्रेडिटचा विषय सोडला, तर उरलेल्या ९ क्रेडिटवर ‘पेल ग्रँट’चे अनुदान पाऊणपट होते. त्या तारखेनंतर सोडल्यास अनुदान बहुधा टिकते. मात्र गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ उमटतो आणि तो विषय घेतलेला, परंतु पूर्ण न केलेला असा मोजला जातो. असे वारंवार घडल्यास पुढील साहाय्यच थांबू शकते.

म्हणून विषय सोडण्याआधी अर्थसाहाय्य कार्यालयात जाऊन परिणाम समजून घेणे हिताचे. प्राध्यापकांना भेटून शंका विचारण्याची वाटही खुली असते. आईवडिलांनी ‘विषय सोडलाच कसा?’ असे विचारण्यापेक्षा ‘अडले कुठे?’ असे विचारावे. ज्या घरात अपयश बोलून दाखवता येते, तेथील मुले घाईने निर्णय घेत नाहीत.