नकार योजनेला, मित्राला नव्हे

ओतूरच्या बाजार आवारात कांद्याचा लिलाव होतो, तेव्हा विकणारा आणि घेणारा एकमेकांचे सोयरे असावे लागत नाहीत. गोणी फोडली जाते, माल डोळ्यांना दिसतो, भाव चारचौघांत पुकारला जातो आणि अखेरीस हिशेबाची पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. भाव कोसळला तर तो हळहळतो, प्रसंगी संतापतोही. पण आपण काय विकले, कोणाला विकले आणि किती आले, याविषयी त्याच्या मनात संदेह राहत नाही. गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या गावोगावी मात्र असा एक व्यापार बोकाळला आहे, की ज्यात माल नाममात्र, भाव मनमानी आणि गिऱ्हाईक मात्र हटकून ओळखीचे! वर्गमित्र, मावसभाऊ, शेजारच्या टेबलावरचा सहकारी, विद्यार्थ्याचे पालक. नेटवर्क मार्केटिंग, मल्टिलेव्हल, साखळी योजना अशी त्याची नावे अनेक आहेत. वस्तुतः तेथे साबण, गाद्या अथवा नाणी विकली जात नाहीत; विकली जाते ती ओळख.

म्हणूनच या प्रश्नाकडे केवळ फसवणुकीचा एक प्रकार म्हणून पाहून भागणार नाही. चोर परका असतो, त्याच्यावर दार लावता येते. येथे दारात उभा असतो तो आपला मित्र. आणि तो खोटे बोलत नसतो. आपले भले व्हावे, असेच त्याला मनापासून वाटत असते. अशा मित्राशी वागावे कसे?

भिशी आणि साखळी

'आम्हीही एकमेकांच्या साहाय्याने पुढे जाणार आहोत, यात वावगे ते काय?' असा युक्तिवाद अशा योजनांचे पुरस्कर्ते करतात. परस्परसाहाय्याची कल्पना या मुलखाला नवी नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी गावांत पडकईची प्रथा आहे. आज दहा घरांनी एकाच्या शेतावर राबायचे, उद्या त्याने त्यांच्याकडे जायचे. बाजारपेठेतील दुकानदारांची आणि कचेरीतील कारकुनांची भिशी सर्वांच्याच परिचयाची आहे. परंतु भिशीत बारा माणसे असली तर ती अखेरपर्यंत बाराच राहतात. जितके पैसे गोळा होतात तितकेच वाटले जातात; पाळी मागेपुढे झाली तरी कोणाच्या लाभासाठी कोणाचे नुकसान व्हावे लागत नाही. साखळीचे तसे नाही. तिला रोज नवी माणसे लागतात. माणसे येणे थांबले की देणे थांबते, कारण आधीच्याला दिलेला पैसा हा नंतरच्याच्या खिशातून आलेला असतो.

शाळेतील मुलालाही हे गणित मांडता येईल. प्रत्येकाने केवळ सहा माणसे आणावीत, असे धरू. पहिल्या पायरीवर ६, दुसरीवर ३६, तिसरीवर २१६. सातव्या पायरीपर्यंत एकूण संख्या ३,३५,९२२ होते. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण जुन्नर तालुक्याची लोकसंख्या, पाळण्यातल्या मुलापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत, सुमारे चार लाख होती. आठव्या पायरीला एकट्या त्या पायरीसाठी १६,७९,६१६ माणसे लागतील. ती कोठून आणणार? आणि साखळी कोणत्याही पायरीवर तुटो, तीत शिरलेल्या दर सहा माणसांपैकी पाच शेवटच्या रांगेतच उभी असतात. त्यांच्या खाली कोणीही नसते. मेहनत कमी पडली म्हणून ती तेथे राहिलेली नसतात. त्या रांगेत कोणीतरी असणे हाच योजनेचा पाया असतो. 'तू कष्ट केले नाहीस' हा जो दोष अपयशी सभासदाच्या माथी मारला जातो, तो म्हणूनच सर्वांत निर्दय होय.

नवा माल, जुनी रीत

या व्यापारातला माल काळानुरूप बदलत गेला आहे. २०११ साली 'स्पीक एशिया' नावाची कंपनी गाजली. ११,००० रुपये भरावेत, घरबसल्या संगणकावर प्रश्नावल्या भराव्यात आणि त्याचे पैसे मिळवावेत, अशी तिची योजना होती. अधिक कमाई हवी असेल तर अधिक माणसे जोडावीत. २०१४ साली नाशिकच्या 'केबीसी मल्टिट्रेड' या कंपनीचा डोलारा कोसळला. पैसे तिप्पट होतील या आशेने राज्याच्या अनेक जिल्ह्यांतील सामान्य कुटुंबांनी आपली पुंजी तेथे नेऊन ओतली होती. कंपनीचे प्रमुख भाऊसाहेब चव्हाण सिंगापूरला निघून गेले होते. २०१६ साली परतल्यावर मुंबईच्या विमानतळावर त्यांना अटक झाली. पुढे बिटकॉइनचा बोलबाला झाला. 'गेनबिटकॉइन' या योजनेत दरमहा दहा टक्के परतावा अठरा महिने देण्याचे आश्वासन होते. २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या प्रवर्तकाला अटक केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादर येथील 'टोरेस'च्या दुकानापुढे जमलेली गर्दी वाचकांच्या स्मरणात असेलच. तेथे हिऱ्यासारखे चमकणारे कृत्रिम खडे होते आणि दर आठवड्याला परतावा मिळण्याचे वचन होते.

प्रश्नावली, ठेव, आभासी चलन, खडा! माल दर वेळी निराळा. त्याची भलामण करणारा मात्र दर वेळी तोच, आपल्याच ओळखीचा, आदल्या महिन्यात पैसे मिळाल्याचे हर्षभराने सांगणारा माणूस. हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. १९९७ साली आल्बेनिया या देशात अशा योजना एकापाठोपाठ एक कोसळल्या, तेव्हा शस्त्रागारे लुटली गेली, सुमारे दोन हजार माणसे प्राणास मुकली आणि सरकार गडगडले. शेजाऱ्यावरचा विश्वास संपला की राज्यसंस्थाही कशी खिळखिळी होते, याचे ते उदाहरण आहे.

आपल्या देशात कायदा नव्हता असे नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाने १९७५ साली बक्षीस चिठ्ठ्यांच्या योजनांवर बंदी घालावी, अशी शिफारस केली आणि १९७८ साली बक्षीस चिठ्ठ्या व पैशाच्या अभिसरण योजना यांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. नवे सभासद येण्यावर ज्यातील कमाई अवलंबून आहे, अशी योजना चालवणेच नव्हे, तर तिचे सभासद होणे हादेखील त्या कायद्यान्वये गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे आपला मित्र कायद्याच्या दृष्टीने एकाच वेळी फसलेलाही असतो आणि गुन्हेगारही. तक्रार करायला तो पुढे का येत नाही, याचे एक उत्तर येथे आहे.

सर्वच थेट विक्री बेकायदा आहे असे मात्र समजू नये. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम केले. त्यांनुसार सभासदाकडून प्रवेश शुल्क घेता येत नाही, साखळी योजनेला मज्जाव आहे, आणि विक्रेत्याने ओळखपत्रावाचून व पूर्वसंमतीवाचून ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असेही बंधन आहे. सामान्य माणसाला याहून सोपी कसोटी हवी असेल, तर ती कांद्याच्या लिलावातच आहे. हीच वस्तू, याच भावाने, या विक्रेत्याला न ओळखणारा माणूस खुशीने घेईल काय? घेणार असेल तर तो व्यापार होय. केवळ भिडेखातर कोणी घेत असेल, तर ती भिडेची वसुली होय.

तो का जातो?

अशा मित्राला मूर्ख अथवा लोभी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. पदवी हाती असून नोकरी नाही, शेतमालाच्या भावाचा भरवसा नाही, आणि 'काय करतोस?' या प्रश्नाला उत्तर नाही, अशा तरुणाला कोणीतरी प्रथमच 'सर' म्हणते, व्यासपीठावर बोलावते, त्याच्यासाठी टाळ्या वाजवते. ज्या समाजाने त्याला कधी कौतुकाचा शब्द दिला नाही, त्या समाजाने त्या टाळ्यांना हसावे, हे शोभत नाही. मोहात पैशाचा वाटा असतोच. पण प्रतिष्ठेच्या भुकेचा वाटा पुष्कळदा त्याहून मोठा असतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की, नकार स्पष्ट असावा आणि तो पहिल्याच भेटीत असावा. आपल्याकडे नकाराच्या सभ्य तऱ्हा आहेत. 'बघू', 'घरात विचारतो', 'कांद्याचे पैसे आले की सांगतो' ही सारी नकाराचीच रूपे होत आणि एरवी ती ऐकणाऱ्याला उमगतातही. साखळीत शिरलेल्या माणसाला मात्र ती होकारासारखी ऐकू येतात. तो पुन्हा येतो, पुन्हा आशा धरतो, आणि अखेर आपण भिडेपोटी पैसे भरतो किंवा वैतागून त्याचा अपमान करतो. 'या योजनेत मी एक रुपयाही घालणार नाही. पण तू चहाला केव्हाही ये' हे एकच वाक्य दोघांनाही त्यातून सोडवते. आपण भरलेले पैसे त्याला मदत ठरत नाहीत. त्याचा भ्रम आणखी काही महिने टिकवण्याची ती किंमत असते.

दुसरे असे की, वाद घालू नये, हिशेब मागावा. योजना खोटी आहे असे आपण म्हटले की तो तिच्या बचावाला उभा राहतो. त्याऐवजी त्याच्या पुढ्यात वही ठेवावी. एका बाजूला प्रवेशाचे पैसे, घरात पडून राहिलेल्या मालाचे पैसे, सभांचे शुल्क, एसटीचे भाडे, फोन, चहापाणी आणि बुडालेले रोजगार. दुसऱ्या बाजूला बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम. त्याच्या हस्ताक्षरातली बेरीज आपल्या शंभर युक्तिवादांहून प्रभावी ठरण्याचा संभव अधिक.

तिसरे, संबंध तोडू नयेत. शंका घेणाऱ्या आप्तांपासून दूर राहा, असाच उपदेश अशा वर्तुळांत केला जातो. आपण पाठ फिरवली की तो उपदेश खरा ठरतो आणि त्याला त्या वर्तुळावाचून दुसरे घर उरत नाही. शेतीच्या, सायकलीच्या, कुस्तीच्या गप्पा ज्याच्याशी मारता येतात, असा एक जरी माणूस बाहेर शिल्लक असला, तरी परतीची वाट खुली राहते.

शिक्षक आणि कारकून यांच्यावर याहून अधिक जबाबदारी आहे. मुख्याध्यापकाने सहशिक्षकाला, वरिष्ठाने कनिष्ठाला, गुरुजींनी पालकाला अशा योजनेत ओढले, तर त्या 'हो'मागे संमती नसते, दबाव असतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्याला परवानगीवाचून खासगी व्यापार करता येत नाही; पत्नीच्या वा कुटुंबीयांच्या नावावरील दलालीच्या धंद्याची भलामण करणे हाही नियमभंगच ठरतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की जी नोकरी आधी पैसे मागते आणि मागाहून मित्रांच्या नावांची यादी मागते, ती नोकरी नव्हे.

आपल्या वाट्याची खते

साखळी तुटल्यानंतरचा प्रश्न सर्वांत अवघड. मित्र रिकाम्या हाताने परततो, आणि त्याच्या मागे त्यानेच आणलेली माणसे उभी असतात. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्याला मग तोंड चुकवून फिरावे लागते. त्याला क्षमा करावी की जाब विचारावा?

तुकोबांचे गुरू मानले जाणारे बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरलाच आहे. तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, हे आपण ऐकत आलो आहोत. परंतु परंपरा त्यात एक तपशील आवर्जून सांगते: त्यांनी बुडवली ती आपल्या वाट्याची खते, धाकट्या भावाचा वाटा त्यांनी त्याच्या स्वाधीन केला. औदार्य आणि न्याय यांची याहून नेमकी विभागणी क्वचितच कोणी केली असेल. मित्रापायी आपले जे गेले, ते सोडून देण्याचा अधिकार आपला आहे, आणि जमेल त्याने तो अवश्य वापरावा. मात्र इतरांचे जे गेले, ते आपण सोडून देऊ शकत नाही. तेथे मित्राला हाताशी धरून पोलीस ठाण्यात नेणे, महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा लागू होत असेल तर त्याखाली प्रवर्तकांची मालमत्ता जप्त व्हावी यासाठी कागदपत्रे सादर करणे, आणि त्याने आणलेल्या माणसांना त्याने स्वतःच सत्य सांगावे असा आग्रह धरणे, हे मैत्रीचेच कर्तव्य ठरते.

ते सत्य सांगायला जाताना त्याचे पाय जड होतील. त्या वेळी त्याच्यासोबत चालत जायला कोणीतरी हवे. पहिल्या दिवशी ज्याने त्याला ठाम नकार दिला आणि तरीही ज्याचे दार उघडे राहिले, त्याच्याहून या कामाला लायक सोबती दुसरा कोण असणार?