विश्लेषण : मीटरच्या पुढची वायरिंग कोणाच्या भरवशावर? सुरगाण्यात इलेक्ट्रिशियन निवडताना काय पाहाल?

नाशिकपासून सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या सुरगाणा तालुक्यात घरातला बोर्ड जळाला की पहिला फोन जातो तो ‘वायरमन’ला. हा वायरमन कधी महावितरणचा कर्मचारी असतो, कधी आयटीआय करून गावातच राहिलेला तरुण, तर कधी पाण्याच्या मोटरी दुरुस्त करता करता लाइट फिटिंग शिकलेला कारागीर. लोक तिघांनाही एकाच नावाने हाक मारतात. कायद्याच्या लेखी मात्र तिघे वेगळे आहेत. घरात शॉक लागून कोणी दगावले तर चौकशीत हा फरक आधी विचारला जातो.

हा प्रश्न आताच का?

सुरगाणा हा गुजरात सीमेवरचा आदिवासी तालुका. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक. डिसेंबर २०२२ मध्ये येथील सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातमध्ये सामील करा’ अशी मागणी केली, तेव्हा मूलभूत सुविधांचा अभाव हेच कारण पुढे आले होते. अशा भागात गरीब घरांपर्यंत वीज पोहोचवण्यात सरकारी योजनांचा वाटा मोठा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘सौभाग्य’ योजनेत गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याची तरतूद होती. त्या जोडणीत काय मिळत होते, हे पाहण्यासारखे आहे : खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर, मीटर, एका पॉइंटची वायरिंग आणि एक एलईडी दिवा.

म्हणजे योजना एका दिव्यापाशी संपली. पुढे पंखा आला, टीव्ही आला, मिक्सर आला. थंडीत पाणी तापवायला हिटरचा रॉड आला. कोणी अंगणातल्या मोटरसाठी त्याच पॉइंटवरून वायर ओढली. त्यानंतर घरकुल मंजूर झाले आणि कुडाच्या घरातून कुटुंब पक्क्या घरात गेले, तेव्हा जुनेच सामान काढून नव्या भिंतीवर लावले गेले. आता महावितरण जुनी मीटर बदलून स्मार्ट मीटर बसवत आहे. तरी मीटर नवे झाले म्हणून मीटरच्या पुढची वायर नवी होत नाही. तिची जबाबदारी पूर्णपणे घरमालकाची असते.

नियम काय सांगतो?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा व वीजपुरवठ्यासंबंधीचे विनियम २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये ते नव्याने लागू झाले. त्यातली मुख्य अट जुनीच आहे. वीज मांडणीचे काम, मग ती भर असो, बदल असो वा दुरुस्ती, परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचे असते. देखरेख करणाऱ्याकडे सक्षमता प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. राज्यात हे परवाने अनुज्ञापक मंडळ देते. आयटीआयमधील वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र म्हणजे हा परवाना नव्हे. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि गल्लत इथेच होते.

नियमात एक सूट आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे आणि फिटिंग बदलायला परवानाधारक लागत नाही. अट एवढीच, की त्यामुळे मूळ मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये.

मग गावातल्या वायरमनला बोलवायचेच नाही?

बोलवायला हरकत नाही, पण कोणत्या कामाला, हे ठरवून. जळालेले बटण, तुटलेला होल्डर, बंद पडलेला पंखा ही कामे त्याच्याकडून करून घेता येतात. नव्या खोलीची वायरिंग, मोटरसाठी वेगळी लाइन, पिठाच्या छोट्या गिरणीसाठी किंवा गिझरसाठी पॉवर पॉइंट ही कामे मात्र क्षमता बदलणारी आहेत. तिथे ठेकेदाराचा परवाना लागतो.

कागदावर ही रेघ स्पष्ट आहे. पण डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर दोन पॉइंट वाढवायला तालुक्याच्या गावातून किंवा थेट नाशिकहून ठेकेदार येईल, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. त्याच्या जाण्यायेण्याचा खर्चच कामापेक्षा जास्त होईल. त्यामुळे नियम पाळला जात नाही यात आश्चर्य नाही आणि सगळा दोष घरमालकाच्या माथी मारणे योग्यही नाही. व्यवहार्य मार्ग असा, की पाड्यातल्या चार-पाच घरांनी कामे एकत्र करून एकाच ठेकेदाराला द्यायची. गावातला जाणता कारागीर त्याच्या हाताखाली काम करू शकतो. नवीन जोडणी घेताना महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावाच लागतो. तो केवळ सही-शिक्क्याचा कागद समजू नये. सही करणाऱ्याने घर प्रत्यक्ष पाहिले का, अर्थिंग तपासली का, हे त्याच वेळी विचारता येते.

सुरगाण्यात धोका वेगळा का आहे?

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ यांच्याप्रमाणे सुरगाणाही जिल्ह्यातला जास्त पावसाचा पट्टा. कुडाची भिंत चार महिने ओल धरते. वर पत्रा असेल आणि सर्व्हिस वायर त्याला घासत असेल तर वायरचे आवरण झिजून अख्खा पत्रा विद्युतभारित होऊ शकतो. त्याच पत्र्याच्या लोखंडी अँगलला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. ओले कपडे टाकायला गेलेल्या बाईला शॉक बसल्याच्या बातम्या राज्यात जवळपास दर पावसाळ्यात येतात. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू अलीकडच्या काही वर्षांत दरवर्षी १२ हजारांच्या वर राहिले आहेत.

दुसरी अडचण जमिनीखाली आहे. सह्याद्रीच्या काळ्या खडकात खड्डा खोल जात नाही, माती कमी असते, त्यामुळे चांगली अर्थिंग मिळणे कठीण. इथे थोडे गणित उपयोगी पडते. समजा, अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. खडकाळ जमिनीत तो इतका असणे अशक्य नाही. मोटरच्या लोखंडी अंगावर फेज उतरली तर २३० भागिले ५०, म्हणजे साधारण साडेचार अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. घरातला एमसीबी १० किंवा १६ अँपिअरचा असतो. साडेचार अँपिअरला तो पडणारच नाही. मोटर चालू राहील, तिच्या अंगावर वीज राहील आणि पहिला हात लावणाऱ्याला शॉक बसेल.

एमसीबी मुख्यतः वायर वाचवण्यासाठी असतो. माणूस वाचवण्यासाठी लागतो तो आरसीसीबी. आत गेलेला आणि परत आलेला प्रवाह यात ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला तरी तो पुरवठा तोडतो. त्यामुळे अर्थिंग कमकुवत असली तरी तो काम करतो. घरात एकच सुधारणा करण्याइतके पैसे असतील तर नवे दिवे, फॅन्सी बटणे यांच्याआधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. चांगल्या कंपनीचा साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. अर्थात, तो लावला म्हणून अर्थिंग नको, असे नाही.

आरसीसीबी बसवल्यावर तो सारखा पडू लागला तर गावातला सल्ला ठरलेला असतो : ‘खराब आहे, काढून टाका.’ पुष्कळदा खराबी त्याच्यात नसून वायरिंगमध्ये असते. न्यूट्रल तुटल्यावर जमिनीत सळई ठोकून तिलाच न्यूट्रल म्हणून वापरण्याचा जुगाड ग्रामीण भागात अनेक ठिकाणी चालतो. अशा घरात आरसीसीबी टिकणार नाही, कारण तो नेमका हाच प्रकार पकडतो. ती सळई स्वतःच जीवघेणी असते. बाजूने गेलेल्या जनावरालाही ती झटका देऊ शकते.

काम देताना काय विचाराल?

पहिला प्रश्न परवान्याचा. ठेकेदाराकडे परवान्याची प्रत मागावी, नाव आणि मुदत पाहावी. खरा ठेकेदार त्याचा राग मानत नाही. मग वायरचे विचारावे. दिवे-पंख्यांना तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची, मोटर-इस्त्रीच्या पॉवर पॉइंटला अडीचची, गिझरला चारची वायर हा रुळलेला हिशेब आहे. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त भार नसावा, असे भारतीय मानकात म्हटले आहे. वायरवर आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस ६९४’ हा क्रमांक हवा. चिन्ह खरे आहे का, हे ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर परवाना क्रमांक टाकून दुकानातच तपासता येते. आठवडे बाजारात मिळणारी स्वस्त, पातळ वायर बहुतेक वेळा या तपासणीत टिकत नाही.

दर पॉइंटमागे ठरतो. तो मजुरीचा की सामानासह, हे आधी स्पष्ट करावे. काम झाल्यावर तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. बटण फेजवरच आहे ना, हे टेस्टरने पाहता येते : बटण बंद केल्यावर होल्डरमध्ये टेस्टर पेटला, तर ते न्यूट्रलवर लावले आहे. आरसीसीबीचे ‘टेस्ट’ बटण दाबताच पुरवठा तुटला पाहिजे. आणि थ्री पिनच्या वरच्या मोठ्या छिद्रात हिरवी वायर खरोखर जोडलेली असावी. तिथे रिकामे छिद्र सापडणे ही दुर्मीळ गोष्ट नाही.

भार वाढणार असेल तर मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज महावितरणच्या अॅपवरून करता येतो. खांबावरचे किंवा डीपीवरचे काम खासगी माणसाने करायचे नाही, कितीही ओळखीचा असला तरी. त्यासाठी १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ या क्रमांकावर तक्रार द्यावी.

काम खराब निघाले किंवा अपघात झाला तर?

पैसे घेऊन केलेले काम ही ‘सेवा’ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्यांना शुल्क नाही. मात्र पुरावा हवा. गावात पावती मागणे अवघड वाटते, हे खरे. पैसे मोबाइलवरून पाठवावेत, कामाचा तपशील व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावा. तोही पुरावा ठरू शकतो.

अपघाताचे प्रकरण गंभीर आहे. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६१ नुसार विजेच्या अपघाताची माहिती द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षक कारणाची चौकशी करू शकतात. दोष खांबावर किंवा सर्व्हिस वायरमध्ये निघाला तर वीज कंपनीकडून भरपाईचा मार्ग खुला होतो. दोष मीटरच्या पुढे निघाला तर साधारणपणे तो बंद होतो. त्या वेळी घरात वायरिंग कोणी केली, याचे उत्तर ‘गावातल्या एकाने’ असे असेल, तर त्या कुटुंबाच्या हाती फारसे काही उरत नाही.

गावातच परवानाधारक का तयार होत नाहीत?

राज्य सरकारने २०१६ मध्ये ३ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ग्रामपंचायतींसाठी ग्रामविद्युत व्यवस्थापक नेमण्याचा निर्णय घेतला होता. स्थानिक, आयटीआय झालेला तरुण. मानधन दर ग्राहकामागे ९ रुपये किंवा किमान ३ हजार रुपये. मीटर वाचन, बिल वाटप, फ्यूज टाकणे ही त्याची कामे. कल्पना चांगली होती, पण महिना ३ हजारांसाठी जोखमीचे काम कोण करणार, हा प्रश्न तेव्हाही होता. सुरगाण्यात शासकीय आयटीआय आहे. तिथून शिकलेल्या मुलाला सातपूर-अंबडच्या कारखान्यात किंवा सीमेपलीकडे वापीत यापेक्षा कितीतरी जास्त पगार मिळतो. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, गवंडी आहेत, इलेक्ट्रिशियन नाही. घराघरांत वीज नेण्यावर इतका खर्च झाल्यावर, तालुक्याच्या आयटीआयमध्येच वर्षातून एकदा परवान्याचे शिबिर घेणे आणि परवानाधारकांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे फार खर्चाचे नाही. छतावरच्या सौर पॅनेलसाठी पीएम सूर्यघर योजनेतून पहिल्या किलोवॉटला ३० हजार रुपये अनुदान मिळते. ती पॅनेल बसवायला नोंदणीकृत विक्रेता बाहेरून येईल. तो गेल्यावर बिघाड झाला तर पुन्हा फोन गावातल्या वायरमनलाच जाणार आहे.