मुक्या पडद्याची चौकशी

एका संगणकाला दोन-तीन मॉनिटर जोडून काम करण्याची रीत आता शेअरबाजारातील दलालांपुरती किंवा चित्रपटाच्या संकलकांपुरती राहिलेली नसून अक्षरजुळणीची कार्यालये, करसल्लागारांच्या पेढ्या आणि भाषांतरकारांची घरे यांतही ती चांगली रुळली आहे. आणि ज्याने एका पडद्यावर मूळ हस्तलिखित व दुसऱ्यावर जुळवलेले पान ठेवून मुद्रिते तपासली आहेत, त्याला पुन्हा एकाच पडद्यावर दोन्हींचा मेळ घालीत बसणे किती जाचक वाटते, हे निराळे सांगावयास नको. असा दुसरा पडदा एखाद्या सकाळी काळा पडला, की ‘डिस्प्ले येत नाही, मॉनिटर गेला, नवा घ्या’ असा निकाल चटकन दिला जातो. हा निकाल बहुधा चौकशीच्या आधीच दिलेला असतो आणि त्यापायी धडधाकट मॉनिटर नाहक भंगारात जातात, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे उमटत असतील, तर त्याला वीज मिळते आहे व तो अक्षरे दाखवू शकतो, एवढी जबानी त्याने स्वतःच दिलेली असते. चित्र संगणकाकडून मॉनिटरकडे जाते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तत्पूर्वी मॉनिटरकडून संगणकाकडे एक मजकूर येतो, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. नव्या ठाण्यावर रुजू होणाऱ्या अंमलदाराने प्रथम आपले नियुक्तिपत्र सादर करावे, तसाच हा प्रकार. ‘ईडीआयडी’ या नावाने ओळखला जाणारा व ‘व्हेसा’ या संस्थेने १९९४ साली प्रमाणित केलेला हा मजकूर मुळात अवघा १२८ बाइटांचा. त्यात निर्मात्याची खूण, निर्मितीचे वर्ष आणि कोणकोणती रिझोल्यूशन आपणास झेपतात याचा तपशील असतो, आणि शेवटचा बाइट असा योजलेला असतो की सर्वांच्या बेरजेला २५६ ने निःशेष भाग जावा, म्हणजे वाटेत काही बिघडले तर ते तत्काळ उघडकीस यावे. हा मजकूर पोहोचलाच नाही, तर संगणक एक तर त्या पडद्याची दखल घेत नाही, किंवा सावधगिरी म्हणून १०२४ × ७६८ सारखे कोणालाही चालेल असे माप पत्करतो.

पुण्यातील एका परिचितांच्या अक्षरजुळणीच्या कार्यालयात नेमके हेच घडले होते. १९२० × १०८० मापाचा त्यांचा जुना मॉनिटर व्हीजीए केबलने जोडलेला होता, आणि एके दिवशी त्यावरील अक्षरे एकाएकी आडवी पसरून इतकी धूसर झाली की ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद कळेना. दुरुस्तीवाल्याने नवीन मॉनिटर सुचवला होता. सर्व वीज बंद करून, दोन्ही बाजूंचे स्क्रू सैल करून मी केबलचे निळे टोक काढले व टॉर्चच्या उजेडात धरले, तेव्हा पाच-पाचच्या तीन ओळींत उभ्या असलेल्या पिनांपैकी बारावी पिन पार आडवी झालेली दिसली. (मधल्या ओळीतील नववी पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते, ती न दिसल्यास घाबरू नये.) लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग पहिल्या तीन पिनांवरून जातात, म्हणून चित्र येत होते, पण ईडीआयडीचा मजकूर बाराव्या पिनेवरून येतो, आणि तीच वाट बंद पडली होती. बारीक चिमट्याने ती हलक्या हाताने सरळ केली, स्क्रू पुरते आवळले, आणि संगणकाने मॉनिटरला त्याच्या नावानिशी ओळखले. आयबीएमने १९८७ साली आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर आणलेली ही जोडणी आजही कचेऱ्याकचेऱ्यांतून तग धरून आहे, तेव्हा हा अनुभव अनेकांच्या उपयोगी पडावा.

पडदा पुरताच काळा असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा दस्तूर मी कटाक्षाने पाळतो. चालू मॉनिटरची केबल बंद मॉनिटरला लावून पाहावी: काळोख केबलीबरोबर सरकला तर दोष केबलीचा, पोर्टाशीच राहिला तर पोर्टाचा, आणि केबल व पोर्ट दोन्ही बदलूनही त्याच मॉनिटरवर टिकला, तरच त्या मॉनिटरवर संशय घ्यावा. सीपीयूच्या मागची बाजूही नीट निरखावी. यूएसबीच्या खाचांजवळ असलेला पोर्ट मदरबोर्डाचा, व खाली आडव्या पट्टीत असलेले पोर्ट स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे, आणि असे कार्ड बसवल्यावर पुष्कळ यंत्रांत मदरबोर्डाचा पोर्ट बायोसमधून आपोआप बंद होतो, हे न कळल्यामुळे तिथेच केबल खोचून हताश झालेली माणसे मी पाहिली आहेत. विंडोज व पी ही कळांची जोडी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलेले आहे याचीही खातरजमा करावी.

सर्वाधिक पैसे मात्र वाया जातात ते केबलीच्या दिशेपायी. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून निघून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये शिरणारी साधी केबल त्याच दिशेने चालते. उलट बाजूने, म्हणजे संगणकाच्या एचडीएमआयकडून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टकडे जावयाचे असेल, तर स्वतःची चिप व वीजपुरवठा असलेला कन्व्हर्टर लागतो. दोन्ही टोके जागच्या जागी घट्ट बसतात, त्यामुळे ग्राहकाला आपली फसगत झाल्याचे उमगत नाही, आणि दोष पुन्हा पडद्याच्या माथी येतो. फोर-के पडद्याच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते: २००९ सालचे एचडीएमआय १.४ हे मानक त्या मापाचे चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकते, ६० वेळांची सोय २०१३ सालच्या २.० मध्ये झाली. तेव्हा माउसचा बाण अडखळत सरकू लागला, तर प्रथम हाच तपशील पडताळावा. दुकानात केबल मागताना केवळ दोन टोकांची नावे न सांगता, कोणते टोक संगणकाला व कोणते मॉनिटरला लागावयाचे आहे आणि मॉनिटरचे माप काय, हे तिन्ही कागदावर लिहून न्यावे.