चिठ्ठी वाचणारीं गृहयंत्रें

पूर्वीं घरांत एखादें नवें उपकरण आलें, तर तें चालविण्याची विद्या अर्ध्या घटकेंत सर्वांस येत असे. हल्लींच्या यंत्रांची गोष्ट निराळी आहे. कपडे धुण्याच्या यंत्रावर दहा-पंधरा बटणें, मायक्रोवेव्ह भट्टीवर तितकींच, आणि त्यांवरील अक्षरें बहुधा इंग्रजी! परिणाम असा होतो कीं, घरांत आठ माणसें असतांहि यंत्र चालवितां येणारें माणूस एकच असतें. ज्या माउलीनें चाळीस वर्षें रेशीम, लोकर व सुती धुणें वेगवेगळ्या हातानें सांभाळलें, तिनेंच यंत्रापुढें नातवाची वाट पाहत बसावें, हें आम्हांस खटकतें.

यावर यंत्रशास्त्रज्ञांनीं एक तोड काढिली आहे. माणसानें बटणें दाबण्याऐवजीं वस्तूनेंच आपली ओळख यंत्रास सांगावी, व यंत्रानें आपलीं बटणें आपणच लावून घ्यावीं. ही ओळख सांगणारी चिठ्ठी म्हणजे रेडिओ-टॅग. मोटारीच्या कांचेवरील ‘फास्टॅग’ आमच्या वाचकांनीं पाहिलाच असेल; फेब्रुवारी 2021 पासून टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला. त्याच कुळांतील ही धाकटी वस्तु होय.

टॅगांत राईच्या दाण्याएवढी एक चकती व तिच्याभोंवतीं धातूची बारीक वेटोळी असते. विजेरी नसते. यंत्रांतील वेटोळ्यांतून विजेचा उलटसुलट प्रवाह सोडला, म्हणजे त्याच्या आसपास तसेंच बदलतें चुंबकक्षेत्र निर्माण होतें. टॅग त्यांत आला कीं त्याच्या वेटोळ्यांत वीज उपजते, तेवढ्यावर चकती जागी होते, आणि आपला भार कमीअधिक करून तीच खूण यंत्रास परत कळविते. घरगुती कामाच्या टॅगांत ही आंदोलनें सेकंदास 1 कोटी 35 लक्ष 60 हजार, म्हणजे 13.56 मेगाहर्ट्झ, इतकीं असतात, व संभाषण चार बोटें अंतरावर चालतें. पाठविलेल्या लहरींच्या परावर्तनानेंच निरोप पोंचविण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनीं 1948 सालींच एका निबंधांत मांडली होती.

ही युक्ति केवळ कागदावर राहिलेली नाहीं. फिलिप्सच्या कांहीं विजेच्या दंतकुंचल्यांत, कुंचल्याचें डोकें बसविलें कीं मूठ त्यांतील टॅग वाचून घासण्याची रीत व जोर आपणच ठरविते. इटलींतील मेर्लोनी कंपनीनें कपड्यांवरील टॅग वाचून धुण्याचा प्रकार निवडणारें यंत्र 2003 सालीं लोकांपुढें मांडलें. तें घरोघर पोंचलें नाहीं. कारण यंत्र एकानें करावयाचें, कापड दुसऱ्यानें विणावयाचें, आणि चिठ्ठीची भाषा दोघांची एक नाहीं.

येथें आम्हांस न्यायशास्त्राचें स्मरण होतें. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें नैयायिकांनीं मानिलीं आहेत. टॅग वाचणारें यंत्र केवळ शब्दावर चालतें. आणि शब्द प्रमाण व्हावयाचा तर सांगणारा आप्त, म्हणजे वस्तु यथार्थ जाणणारा, असावा लागतो. साडीवरील टॅग कारखान्यांत लागला. पुढें तिचा कांठ जीर्ण झाला, पदरावर तुपाचा डाग पडला, किंवा रंग सुटूं लागला, तर टॅगास त्याचा पत्ता नाहीं. घरांतील जाणती बाई मात्र पदर बोटांत धरून पाहते. तें प्रत्यक्ष होय. म्हणून शब्द व प्रत्यक्ष यांचा विरोध येईल तेथें शेवटचा निर्णय माणसाच्या हातीं राहिला पाहिजे.

कांहीं अडचणी पदार्थविज्ञानाच्याहि आहेत. टॅग धातूला चिकटला तर त्याचें बोलणें क्षीण होतें. पितळी वा स्टीलच्या डब्याच्या आंत ठेवला तर ऐकूंच येत नाहीं. अन्नाच्या पुड्यावरील टॅग भट्टीबाहेरच वाचून घेऊन काढून टाकला पाहिजे. आंत राहिल्यास त्यांतील तारेंतून ठिणग्या उडण्याचा संभव असतो.

सर्वांत मोठी शंका मात्र व्यवहाराची आहे. जी चिठ्ठी ओळख सांगते, तीच अडवणूकहि करूं शकते. अमेरिकेंत एका कंपनीच्या कांहीं शीतकपाटांत पाणी गाळणाऱ्या नळीस असा टॅग असतो. कंपनीची टॅगयुक्त नळी नसेल, तर कपाट नळीतून पाणी देण्याचें नाकारतें. स्वस्त व चांगली नळी बाजारांत असली तरी तिचा उपयोग नाहीं. सोयीसाठीं घेतलेलें यंत्र अशा रीतीनें घरखर्चाचा मुखत्यार होऊन बसतें.

तेव्हां असें यंत्र घेण्यापूर्वीं दुकानदारास तीन प्रश्न अवश्य विचारावे. टॅगावांचून तें हातानें सर्व प्रकारें चालवितां येतें काय? इतर कंपन्यांच्या वस्तूंशीं तें जुळतें काय? आणि टॅगावरून त्यानें काय ठरविलें, हें आपल्या भाषेंत दाखवून, चालूं होण्यापूर्वीं संमति घेतें काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ येऊं लागेल, तेव्हांच घरांतील वडील मंडळींस त्याचा खरा उपयोग होईल. तोंपर्यंत एक साधा उपाय सुचवितों. नित्याच्या तीन-चार बटणांशेजारीं मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवाव्या: ‘रेशीम’, ‘रोजचें धुणें’, ‘बंद’. त्यांस ना लहरी लागतात, ना कंपनीची परवानगी.