लांडगीला मूठमाती, कसायाच्या पोराला पोतं

चळवळीतल्या पोरांनी राजवाडे आणि ड्रॅगनच्या कादंबऱ्या कशाला वाचायच्या, हा सवाल आम्हाला नेहमी ऐकू येतो. आमचं म्हणणं उलट आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची १९९६ ची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ जरूर वाचा. टीव्ही मालिका पाहिली म्हणजे पुस्तक वाचून झालं, असं समजू नका. वाचताना फक्त एक हिशेब ठेवा: कोणाच्या मरणाची दखल कोण घेतं?

राजाच्या लवाजम्यासोबत दक्षिणेला निघालेली आर्या ही सरदार नेड स्टार्कची लेक. नदीकाठी ती मायकाबरोबर काठ्यांनी तलवारबाजी खेळत असते. मायका कसायाचा पोरगा. राजपुत्र जॉफ्री येतो आणि खऱ्या तलवारीचं टोक मायकाच्या गालात रुतवतो. आर्या मध्ये पडते, तिची पाळलेली लांडगी जॉफ्रीचा हात फाडते. मग राजासमोर सुनावणी होते. जॉफ्री बोलतो, आर्या बोलते, तिच्या बहिणीला, सान्सालाही विचारलं जातं. मायकाला कोणी बोलावतच नाही. त्याला राजपुत्राचा अंगरक्षक घोड्यावरून गाठतो आणि कापतो.

आर्याची लांडगी पळालेली असते, म्हणून सान्साच्या ‘लेडी’ला मारायचा हुकूम सुटतो. नेड तिला स्वतःच्या हातानं मारतो. राणीला तिचं कातडं मिळू नये म्हणून चार माणसं देऊन तिचं शव दूर उत्तरेला, आपल्या गढीत पुरायला धाडतो. आणि मायका? सान्साची मैत्रीण सांगते, त्याचे तुकडे पोत्यात घालून बापाकडे दिले, तेव्हा बापाला आधी वाटलं डुक्कर कापून आणलंय.

नेड हा या पुस्तकातला सर्वांत न्यायी माणूस! अंगरक्षकाला शिक्षा होत नाही, त्याच्यावर खटलाही उभा राहत नाही. आपल्याकडे खटला उभा राहतो हे खरं. खर्ड्याचा २०१४ चा उभा राहिला, साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. मार्टिन यांनी पोतं आणि मूठमाती एवढी जवळजवळ उगाच ठेवलेली नाही. तरीही वाचक हळहळतात ते लेडीसाठी.

दुसरी जागा जॉन स्नोची. हा नेडचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेला. उत्तरेत अशा मुलांना ‘स्नो’ हेच आडनाव मिळतं. आडनावावरून जन्म ओळखणं आपल्याला कोणी शिकवायला नको. भिंतीवरच्या पहारेकऱ्यांत भरती झाल्यावर तो सरावात बाकीच्या पोरांना झोडपतो आणि स्वतःला श्रेष्ठ समजतो. तेव्हा एका हाताचा लोहार डोनल नोय त्याची खरडपट्टी काढतो. तुला वाड्यात शस्त्रविद्येचा गुरू होता, या शेतकऱ्यांच्या, चोरट्या शिकाऱ्यांच्या पोरांना कोण होता? जॉनला ते लागतं, आणि पुढं तो त्याच पोरांना शिकवायला लागतो. आरक्षण म्हटलं की ‘मेरिट’ काढणाऱ्या वर्गमित्राला हे प्रकरण वाचायला द्या.

मात्र सरंजामशाहीलाच जात समजायची घाई नको. तिथं राजा खूश झाला तर साध्या माणसाला सरदारकी देऊ शकतो. जात कुणाच्या मर्जीनं पुसली जात नाही. बाबासाहेबांनी मांडलेली श्रेणीबद्ध विषमता या पुस्तकात शोधाल तर सापडणार नाही.

सापडेल ते कथनाचं राजकारण. प्रास्ताविक विल नावाच्या चोरट्या शिकाऱ्याच्या नजरेतून येतं आणि तो तिथंच संपतो. पुढं आठ माणसांच्या नजरेतून गोष्ट दिसते, ती सगळी तीन बड्या घराण्यांतली. नोय नाही, मायकाचा बाप नाही, मिरी माझ डूर नाही.

मिरी ही वैदू. डोथ्राकी टोळी तिचं गाव जाळते, देऊळ जाळते, तिच्यावर बलात्कार होतात. टोळीनायकाची बायको डेनेरिस तिला ‘वाचवते’ आणि कृतज्ञतेची अपेक्षा धरते. मिरी विचारते, तू नेमकं काय वाचवलंस? तिच्या सूडात पोटातलं मूलही जातं, ते आम्हालाही बोचतं. पण तिचा प्रश्न त्यानं खोटा ठरत नाही. शेवटी डेनेरिस तिला नवऱ्याच्या चितेवर बांधून जिवंत जाळते. त्याच आगीतून ड्रॅगन जन्मतात आणि पुस्तक संपतं. ज्या पानावर सगळे टाळ्या वाजवतात, त्या पानावर ही बाई जळते आहे.