दुसरा प्रयोग कोण विकणार?

जुलै संपत आला की पुण्यातल्या कॉलेजांचे वर्ग ओस पडतात आणि जिने, व्हरांडे, पार्किंग भरून जातं. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी सुरू झालेल्या असतात. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ मध्ये ही एकांकिका स्पर्धा सुरू केली; भरत नाट्य मंदिरात आपल्या कॉलेजच्या नावाने ओरडून पोरांच्या कित्येक पिढ्यांनी घसे बसवून घेतले. त्याच कॉलेजात वरच्या मजल्यावर उद्योजकता कक्षाचं व्याख्यान चालू असतं. पाहुणे यशाची सूत्रं सांगतात, पोरं हजेरीपुरती बसतात, शेवटी प्रमाणपत्र आणि समोसा. मला तर वाटतं, त्या पाहुण्यांनाच खाली तालमीला आणून बसवावं.

मध्यंतरी अशाच एका तालमीला गेलो होतो. माझं लक्ष नटांपेक्षा कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या बॅकस्टेजच्या मुलीकडे होतं. नाटकात वाड्याचा दरवाजा हवा होता. नवा करणं बजेटच्या बाहेरचं. जुन्या बाजारात तिने एक हेरला होता, पण तो उचलायलाच चार माणसं लागली असती. दिग्दर्शक हटून बसलेला. ती म्हणाली, “दरवाजा विसर. नुसती चौकट देते, कडीचा आवाज विंगेतून काढू. करून तर बघ.” थोडी धुसफूस झाली, मग करून बघितलं. कडी वाजली आणि आत येणारा नट आपोआप दचकला. प्रसंग उभा राहिला. तिने वहीत दरवाज्यापुढची रक्कम खोडली आणि प्रवासखर्चापुढे लिहिली.

या स्पर्धेत नेपथ्याला किंवा प्रकाशयोजनेला बक्षीस नाही. भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. त्यामुळे पैसा ओतून कुणाला पुढे जाता येत नाही. तारीख ठरलेली, वेळ बांधलेली, खिसा हलका. डोकं चालवल्याशिवाय इलाजच नसतो. निकालही तोंड बघून लागत नाही. २०२२ मध्ये परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची वाटली नाही, तेव्हा तो कुणालाच दिला गेला नाही. वर्गात एवढं रोखठोक कोण सांगतं?

तरी एक धडा इथेही राहून जातो. परीक्षक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. स्पर्धा संपली की लेव्हल गोदामात, पोरं परीक्षेला, आणि दोन महिने खपून केलेलं नाटक विस्मरणात. ते दुसऱ्यांदा कुणी पैसे देऊन बघेल का, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. धंदा तर तिथूनच सुरू होतो.

पुण्यातच याचा दाखला आहे. ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर १९७२ मध्ये रंगमंचावर आलं आणि १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच ते थांबवलं. नाटकातली तरुण मंडळी हळहळत बसली नाहीत. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली, नाटक पुन्हा उभं केलं आणि १९८० मध्ये युरोपात नेलं. नाटक बसवता येणं ही कला झाली. एवढा मोठा संच वर्षानुवर्षं चालता ठेवणं हा उद्योग. दोन्ही त्याच माणसांनी केलं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. स्पर्धा झाली की त्याच संघाला तिकीट लावून आणखी दोन प्रयोग करायला सांगा. कॉलेजने सुरुवातीची रक्कम द्यावी आणि मध्ये पडू नये. थिएटरची तारीख, जाहिरात, तिकीटविक्री, लेखकाचं मानधन, सगळं पोरांनी बघावं. तोटा झाला तर कॉलेजने सोसावा, नफा झाला तर पोरांत वाटावा. आज खिळ्यांचं पुडकं आणायचं तरी अर्ज आणि सही लागते. अशाने पोरं अर्ज लिहायला तेवढी शिकतात. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेतच. ते हजेरीपत्रक बघून न देता हिशेबाची वही बघून द्यावेत.

पहिल्या प्रयोगाला घरचे आणि मित्र येतील. दुसऱ्याला अनोळखी माणसं आणायची ती कशी, हे पोरांना शोधू द्या. ते एकदा जमलं, की पुढच्या व्याख्यानाला बाहेरून पाहुणा बोलवायची गरज उरणार नाही.